पायजमी

पांढरकवड्याच्या बाजारात
बाकीच्या कोंबड्या डोक्यानं जाळी ठोकत होत्या,
ही विकणाऱ्याच्या मांडीवर झोपलेली.
"कोचीन हाय," तो म्हणाला, "अंडे कमी, तरास कमी."
मी भाव पाडायचं विसरले.

पायांना पार बोटांपर्यंत पिसं,
म्हणून पोरीनं नाव ठेवलं पायजमी.
पावसाळ्यात ते पायजमे चिखलानं जड होतात.
मग मी चक्की बंद करते,
घमेल्यात कोमट पाणी घेते
आणि कोंबडीचे पाय धुते.
हे गावात कोणाला सांगू नये.
न सांगता कळतंच.
आत्रामांची रुखमा कुडावरून विचारते,
"काहो, कोन पाव्हनी आली? पाय धुऊन राह्यल्या!"

सांदवाडीची वाटणी तिच्या आधीच झालेली.
कुटाराचा ढीग ठाणेदारणीचा:
तांबडी असील, मान ताठ, एक डोळा पांढरा.
चक्कीच्या दारातली सांडण दोन कडकनाथांची.
भुरकी गावरान, तिला जागा नाही, पण तोंड आहे.
आणि मधोमध ही,
कोणी उन्हात टाकून विसरलेल्या उशीसारखी.

पहिल्याच आठवड्यात पाठ उघडी पडली.
मी खराटा घेऊन मधे गेले.
डाल्याखाली तिला वेगळ्या कण्या टाकल्या,
तर खायची नाही,
बांबूच्या फटीतून त्यांच्याकडेच पाहात बसायची.
"टोच ना," मी म्हटलं,
"एकदा टोचून पाह्य, मंग कोनी वाटेले जात नाही."
मलाही कोणीतरी हेच सांगितलं होतं,
चक्कीवर बसायला लागले त्या वर्षी,
जेव्हा पीठ कमी भरलं म्हणून
बाया डबे आपटायच्या
आणि मी काट्याकडे बघत राहायचे.
मी शिकले.
ती शिकली नाही.

दिवाळीनंतर ठाणेदारीण सहा अंड्यांवर बसली
आणि चौथ्या दिवशी उठून गेली.
कुटारावर कोणी चढलेलं दिसलं असेल.
मी हरभऱ्याची डाळ दळत होते,
परतले तेव्हा पायजमी त्या अंड्यांवर पसरलेली,
सांडल्यासारखी, चहूबाजूंनी.

पुढचे सतरा दिवस.
चक्कीचा पट्टा तुटला, लाईन गेली, आली, पुन्हा गेली.
एका रात्री रानमांजर फिरून गेलं,
सगळ्या ओरडत कडुनिंबावर.
हिला उडता येत नाही.
येत असतं तरी, मला नाही वाटत.
सकाळी शेपटाची पिसं कमी होती,
अंडी मोजली, सहा.

चार फुटली. तीन पिल्लं घारीनं नेली, एकेक करून,
उरलेला कोंबडा झाला,
ठाणेदारणीवर गेलेला, मान, चाल, सगळं.
खोटं कशाला सांगू,
दाणे टाकले की तो पायजमीलाही टोचतो.
ती बाजूला होते.

औंदा संक्रांतीच्या आधी
पैनगंगेपलीकडचा पोचन्ना आला, दिवस मावळल्यावर.
कोंबड्याची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती.
"अस्सल असीलचा?"
"मायीचा अस्सल. बाप मले ठाऊक नाही."
त्यानं तीन हजार मोजून दाखवले,
नव्या पट्ट्याचे पैसे सुटले असते.
मग खुराड्यात टॉर्च मारला.

तंगड्या लांब, नख्या कट्यारीसारख्या,
छाती, शेपूट, सगळा ऐवज उजेडात.
डोकं तेवढं पायजमीच्या पंखाखाली.
ती जागीच होती,
आणि पंख जेवढा पुरतो तेवढा
आणखी थोडा पसरवत होती.

पोचन्ना बराच वेळ टॉर्च धरून उभा.
"हे तं गेलं कामातून," म्हणाला.
"हो," मी म्हटलं.
त्याला चहा विचारला. थांबला नाही.
मी पिठाचे हात लुगड्याला पुसले
आणि दार ओढून घेतलं,
आवाज न करता.