पिवळ्या ओळी

सावद्याला, केळीच्या गोडाऊनवरच्या खोलीत
मी एक क्लास लिहिला: बाग.
त्याला गाव दिलं, मालक दिला, वजन, भाव,
आणि प्रकार: नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी.
आता ऑनलाइन शीटमधली एकेक ओळ
माझ्याकडे बाग होऊन येणार होती.
रकाना सी की डी, हे मला माहीत असायची गरज नव्हती.
मधे दुभाषी बसवला होता.
मी माझ्या बोलीत विचारणार, तो शीटच्या बोलीत,
आणि उत्तर परत माझ्या बोलीत, टेबलावर.

शीट सुपडू नेहेतेंची.
तीस वर्षं लाल कापडाच्या वहीत लिहिलं,
आता फोनवर, एका बोटानं,
काट्यापाशी उभं राहून, टोळी ट्रक भरत असताना.

पहिली चूक माझीच.
चिनावलच्या सगळ्या बागा आणल्या
आणि मग एकेकीला वेगळं विचारलं, तुझा मालक कोण?
चारशे बारा बागा, चारशे बारा खेपा.
फणीफणीसाठी रिकामा ट्रक पाठवल्यासारखं.
वरून निरोप आला: फार विचारता, मिनिटभर थांबा.
थांबले.
खाली पोरं केळीच्या पानावर कळण्याची भाकर सोडत होती.

मग प्रश्न बांधून ठेवायला शिकले.
गाव चिनावल. प्रकार कांदेबाग. भाव बाराशेच्या वर.
अटीला अट जोडत जायची
आणि उत्तर खरंच लागेपर्यंत विचारायचंच नाही.
माझे मामा स्थळं बघतात तसं.

दोनशे सातव्या ओळीत दुभाषी अडला.
वजनाच्या जागी लिहिलेलं: काटा बंद, मंग सांगतो.
त्याला त्या शब्दांचा आकडा करता येईना.
फोन केला.
"बंद व्हता त काय लिहू? शून्य लिहू?
माल त गेला ना, माय."
शून्य आणि माहीत नाही, यांतला फरक
आम्हाला कॉलेजात दोन तास शिकवला होता.

शुक्रवारी पैशांची यादी निघाली, माझ्या प्रोग्रॅममधून,
मोठी रक्कम वर, लहान खाली.
सुपडूभाऊंनी कागद उलटा केला, सुलटा केला.
"पिवळे कुठे गेले?"

शीट उघडून बघितली तर तेवीस ओळी पिवळ्या.
मेमधल्या वादळात आडव्या झालेल्या बागा.
त्यांचे पैसे आधी, हे सगळ्यांना ठाऊक,
म्हणून कोणीच लिहिलं नव्हतं.
दुभाषी मजकूर आणतो. रंग तिथेच राहतो.
हे मी त्यांना सांगितलं.
ते म्हणाले, "मले दिसते, तं त्याले काबरं नाही दिसत?"

मी एक रकाना वाढवला: पडझड. हो किंवा नाही.
सोमवारी भरून आला.
हो.
हो.
हो.
अर्धी.
हो.
नाही, पण बाई आजारी आहे.
हो, त्याला विचारू नका.

एरर आली ती मी पुसली नाही लगेच,
चहा थंड होईपर्यंत बघत बसले.

मग क्लासमधली ती ओळ बदलली.
हो-नाही काढलं, मजकूर केला,
रिकामं राहिलं तरी चालेल म्हटलं.
यादी आता सुपडूभाऊच लावतात, कागदावर, पेनानं.
त्या रकान्यावर
मी अजून एकही अट लावलेली नाही.