नाणी, नग चौदा

गल्ल्याखाली बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे,
त्यात चालत नाहीत ते पैसे.
कुणी अंधारात खपवलेले, कुणी विसरून गेलेले,
काही बापानं पालटून आणायचे म्हणून ठेवलेले.
राहिले.

निशात आली दुपारी, शाळेच्या गणवेशातच.
गुळाच्या ढेपेवरल्या माशा हाकलत मी म्हटलं, काय पाहिजे?
"अप्पा, खोटे पैसे आहेत का?"
खोटे नाहीत. खरेच आहेत. चालत नाहीत, एवढंच.
"चालतील," ती म्हणाली.

डबा पालथा केला.
डाळीतले खडे वेचावेत तसे तिनं वेचले:
कातरल्या कडांचे दहा पैसे, फुंकरीनं उडतील असे, सात.
निजामाच्या वेळचे तांब्याचे, सात.
त्यांच्यावरची अक्षरं मी तीस वर्षं वेलबुट्टी समजत होतो.
तिनं बोट फिरवत वाचलं, तेराशे अडतीस.
इतकं जुनं?
"साल वेगळंय, अप्पा. आमच्यातलं."
मी उधारीच्या वहीत लिहिलं:
निशात, मोबाइलवाल्या मुजीबची. नाणी, नग चौदा.
चिंच पाच रुपयांची.
मीठ चिमूटभर, त्याचं काय लिहायचं.

उदगीरला त्या दिवशी तिन्हीसांजेलाच लाइट गेली.
ती परत आली, ओट्यावर बसली,
बॅटरीच्या उजेडात तांबं चिंचेनं घासत राहिली.
गुलाबी निघालं, तान्ह्याच्या टाचेसारखं.
शेटकारांच्या लग्नाची पत्रिका माझ्याकडं पडून होती,
तिच्या चकत्या कापल्या, मिठाच्या पाण्यात भिजवल्या.
चि. आणि सौ.कां. दोघंही भिजले.
तांबं, चकती, दहा पैसे.
तांबं, चकती, दहा पैसे.
चवड बोटभर उंच झाली, मी तागडीचं पारडं आडोशाला धरलं.
दिवा मुजीबच्या पेटीतला, लाल, ज्वारीच्या दाण्याएवढा.

पेटला नाही.

कामून गं?
"पाणी बाजूनं ओघळलं. ओल मधे पाहिजे, बाहेर नाही.
बाहेरून सगळं एक झालं, की हे गप्प बसतात."
ओढणीच्या टोकानं तिनं एकेक कड पुसली,
जसं झोपलेल्या पोराचं नाक पुसतात.
एक नाणं उलटं लागलं होतं त्या रांगेत, तेही काढून सरळ केलं.
मी विचारलं, दोन्ही तांब्याचेच लावले तर?
"मग कशाला काय होईल, अप्पा?"

भागीरथाबाई मेणबत्ती मागायला आल्या.
मी म्हटलं, थांबा जरा.
त्या थांबल्या. कशासाठी, ते विचारलं नाही.

मग पेटला.
दुकान काही उजळलं नाही.
तेलाचे डबे होते तसेच काळे राहिले.
फक्त निशातच्या अंगठ्याचं नख लाल झालं
आणि खालच्या नाण्यावरचं एक अक्षर, अर्धं.
"एवढुसाच?" भागीरथाबाई म्हणाल्या,
पण पदर सावरून खाली बसल्या,
आणि मेणबत्ती न घेताच गेल्या. त्यांचे दहा रुपये बुडाले.

दुसऱ्या दिवशी तिनं पैसे आणून दिले,
धुतलेले, दहा पैशांवर पांढरे चट्टे, तांब्यावर हिरवट.
मी मोजले. तेरा.
"एक ठेवून घेतलं. तेराशे अडतीसवालं."
सांगून ठेवलं, म्हणून चोरी म्हणता येईना.
मी तेरा खोडले. बाकी, नग एक.

पाडव्याला वही पालटली.
जुन्या बाक्या नव्या वहीत ओढताना
निम्म्या मी सोडून दिल्या, येणार नाहीत म्हणून.
ती ओळ तेवढी पुढं आणली.