दातांत धरलेला टॉर्च

ग्लदानीच्या सोळा मजली इमारतीत
लिफ्टला अजून नाणं लागतं.
तिच्या ब्रेकबद्दल मी अकरा पानं लिहिली,
पहिली चार नमनाची.
"उपरोक्त संदर्भाच्या अनुषंगाने" म्हणत निघालो
आणि घडाभर तेल संपलं तरी
दिवा काही लागला नाही.

एतेरीनं पानं तळहातावर तोलली,
बाजारात कोथिंबिरीची जुडी तोलतात तशी.
वाचणार कोण?
मेकॅनिक, मी म्हटलं.
कुठे बसून?

हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मग जिन्यानं वर.
नवव्या मजल्यावर बटाट्यांची पिशवी टेकवून
एक बाई पायरीवर बसलेली.
लिफ्ट कधी सुरू होणार, तिनं विचारलं नाही.
विचारून झालं असावं.

शाफ्टमध्ये, केबिनच्या छतावर, झाउरी उकिडवा:
एक हात तारेच्या दोराला, एकात पाना,
टॉर्च दातांत,
माझा अहवाल गुडघ्याखाली.
त्यानं टॉर्च शर्टाला पुसला
आणि माझ्यापुढे धरला.
वाच तूच, एतेरी म्हणाली.

रबराची चव, वर तंबाखूची.
उजेड बशीएवढा.
त्यात माझ्या सात ओळी मावल्या
आणि सातांत मिळून एकही क्रियापद नव्हतं.
ते पुढच्या पानावर होतं,
तीन उपवाक्यांच्या पलीकडे,
पाहुणे गेल्यावर घरी पोचलेल्या यजमानासारखं.
लाळ हनुवटीवर उतरली.
मान हलली की ओळ अंधारात.
"आढळून आले असल्याचे निदर्शनास येते":
हे मीच लिहिलं होतं, खुर्चीत, चहा पीत,
आणि आता मला एवढंच हवं होतं,
कुठला बोल्ट?

झाउरीला बोल्ट ठाऊक होता,
बावीस वर्षं.
कागद त्याच्यासाठी नव्हताच.
कागद रुस्तावीतल्या त्या पोरासाठी,
जो सोमवारीच कामाला लागला
आणि कुणाला विचारायला लाजतो.

रात्री लिहिलं:
आधी वीज तोडा.
डावीकडचा वरचा बोल्ट काढा.
अस्तर तीन मिलिमीटरहून पातळ असेल तर बदला.
शंका वाटली तर लिफ्ट चालवू नका, मला फोन करा.
खाली नंबर.
त्याखाली, राहवेना म्हणून,
"सुरक्षितता ही आपली सामूहिक जबाबदारी आहे."

ते एतेरीनं पेन्सिलीनं खोडलं.
मी हुज्जत घातली. अर्धा तास.
हे त्याला माहीत असेल, ती म्हणाली,
आणि नसेल, तर कागदानं कळायचं नाही.

सवय जात नाही.
गेल्या महिन्यात काउंटरवेटवर दोन पानं लिहिली,
दीड उगाच.
आता छापण्याआधी घरातले दिवे मालवतो,
टॉर्च दातांत धरतो, जमिनीवर उकिडवा बसतो.
तामुना स्वयंपाकघरातून विचारते,
पुन्हा वीज गेली का?
मान हलवून नाही म्हणावं
तर ओळ सुटते.