अकरा मिनिटांचा निळा

मे. बाहेर सेहेचाळीस.
अमरावती रोडचं डांबर चपलेला धरून ठेवतं
आणि मी कोपरापर्यंत दोन्ही हात
काचेच्या पेटीत घालून बसलेय.
आत नुसता नायट्रोजन,
माझा श्वाससुद्धा तिथे चालत नाही.

काचेच्या तुकड्यावर एक थेंब.
चकती फिरते, मिनिटाला दोन हजार फेरे,
थेंबाची साय होते,
इतकी पातळ की ती आहे हे मानूनच चालायचं.
सायीत कार्बनच्या लांब साखळ्या:
एकेरी बंध, दुहेरी, एकेरी, दुहेरी,
स्वेटरच्या सुलट-उलट टाक्यांसारखे.
त्यांवरून इलेक्ट्रॉन हिंडतो
कुणा एका अणूच्या मालकीचा नसल्यासारखा.

लाल सोपा. हिरवाही ऐकतो.
निळ्याला उडी मोठी लागते,
आणि एवढ्या उंचावरून उतरणारा
कधीतरी आपलंच काही मोडून घेतो.

कडा गोंदानं बंद केल्या, बाहेर काढला, तारा जोडल्या.
साडेपाच व्होल्ट.
लागला.
भोयरकाकांनी ट्यूबलाइट बंद केली.
"बाप्पा! गॅसच्या शेगडीवानी!"
चार मिलिमीटरचा चौकोन.
आम्ही दोघंही जरा वेळ काहीच बोललो नाही,
कूलर तेवढा खडखडत होता.

अकराव्या मिनिटाला कडेला हिरवट झाक.
"काहून हिरवा होऊन राहिला वं हा?"
ऑक्सिजन, काका.
गोंदाच्या फटीतून शिरला असेल थोडा,
साखळीच्या सांध्यात जाऊन बसला.
आता दुरून दुरून येणारी ऊर्जा
त्याच्याच दारात थांबते.

वहीत लिहिलं: नमुना त्रेचाळीस. अकरा मिनिटं.
आधीच्या पानावर सरांचं लाल पेन, एकच शब्द:
का?

संध्याकाळी इंदोऱ्यात, गच्चीवर
आई तापलेल्या स्लॅबवर पाणी मारत होती.
चौदा एप्रिलला चढवलेला झेंडा
महिनाभर ऊन पिऊन राखेच्या रंगाचा.
"बुधवारीतून नवा आणतो उद्या."
आत्ताच तर आणला होता, आई.
"मंग? रंग उडला तं तू काय करते?"
सहज विचारलं तिनं, बादली खाली ठेवता ठेवता.

रसायनातलं उत्तर तोंडात आलं होतं.
ते तिथेच राहिलं.
उद्या गोंद बदलून पाहायचाय.
भोयरकाकांना सांगितलंय, आठलाच या,
दहाला लाइट जाते.
नमुना चव्वेचाळीस.