एष्टु हाडु

निपाणीच्या कोर्टात मी साक्षीदार नंबर तीन.
पहिला पोलीस, दुसरा हुबळीहून आलेला कंपनीचा टायवाला,
तिसरी मी, शालन घस्ते, धंदा विडी वळणे,
कारण भरमूच्या दुकानात ते शिरले तेव्हा
काउंटरवर पडलेला मोबाइल माझा होता,
पाठीचं झाकण काढलेला,
आणि चिप भरमूच्या चिमटीत.

'एष्टु हाडु?' साहेबांनी विचारलं.
माझं कन्नड बाजारापुरतं, गुरुवारपुरतं.
मला ऐकू आलं हाड.
किती हाडं?
म्हटलं, साहेब, सगळी मोजू का दुखतात तेवढी?
शिरस्तेदार हसला, मग म्हणाला,
हाडु म्हणजे गाणं, बाई.
होय की. एकशे चाळीस. वीस रुपयांत.
त्यांनी कन्नडात लिहून घेतलं,
खाली मी मराठीत सही केली.

वीस रुपये म्हणजे शंभर विड्या.
पान कापायचं, जर्दा पसरायचा, वळायचं,
तोंड मुडपायचं, दोरा.
एक गाणं संपेतोवर आठ होतात.
गाणं नसलं तर सातच, आणि मान आधी दुखते.

भरमूला सहा महिने आणि पन्नास हजार.
दंड हा शब्द दोन्ही भाषांत एकच,
तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही.
त्याची बायको भिंतीकडं बघत राहिली.
मी बाकावर बसूनच हिशेब घातला:
अडीच लाख विड्या.
रोज हजार वळल्या, एकही छाट निघाली नाही,
तर अडीचशे दिवस.
आणि छाट निघतेच.
मुकादम मूठभर बाजूला काढतो, ही वाकडी, ही सैल,
पैसे कापतो, विडीही परत देत नाही.
मग ती ओढतं कोण?
त्याला अजून कुणी नंबर दिला नाही,
दिला तर साक्षीला मी आहेच.

हे सगळं मी तिथंच, कोर्टाच्या जिन्यावर
ठसक्यात सांगत होते चार बायकांना,
तेवढ्यात सत्यव्वाचा लेक दिसला.
सत्यव्वा. चौंडकीवाली.
कंपनीच्या यादीत एकसष्ट ते सहासष्ट तिची गाणी,
चिपमध्येही होती ती, मी तीच परत परत लावायची,
पानाची शीर काढताना येतो ना,
तसा आवाज होता तिचा, ओला आणि करकरीत.

लेक म्हणाला, चिडून नव्हे, दमून:
आईला कंपनीनं एकदाच दिलं. दीडशे रुपये, एक इरकल,
आणि कागदावर अंगठा घेतला.
भरमूनं तेवढंही दिलं नाही.
तुम्ही वीस दिले म्हणता, मावशी.
त्यातले तिचे किती?

मला भागाकार येतो.
एकशे चाळिसातली सहा.
पंच्याऐंशी पैसे, थोडे वर.
तोंडातून निघाले नाहीत.

दंडातलं काही मिळेल काय, हेही तो विचारून आला होता.
कारकून म्हणाला, सरकारात जमा.

आता भरमूच्या शटरवर नोटीस आहे,
वाचायला येत नाही, पण शिक्का ओळखीचा.
माझी चिप पाकिटात, लाखेनं बंद,
मुद्देमाल नंबर चार.
सत्यव्वा तिथंच आहे, कपाटात,
तंबाखूच्या वखारीहून अंधार जास्त असेल.

काल रात्री लाईट गेली, हात चालूच होते.
तिचं गाणं आपोआप तोंडात आलं.
दुसऱ्या ओळीला थांबले. याचे किती?
कुणाला द्यायचे, तेही कळेना.
मांडीवर आठवी विडी अर्धी होती,
दोरा सुटत होता.
ती बांधून घेतली.