भाड्याच्या अटी

पायपेटी मिळेल.
जत्रेला बाराशे, शाळेच्या गॅदरिंगला निम्मे,
आरवलीपलीकडे टेम्पो तुमचा.
मासळी महोत्सवालाही देतो, पण जेटीवर नाही:
खाऱ्या वाऱ्यानं लाकूड फुगतं.
आत कापराची पुरचुंडी आहे, काढू नका.

भाता नवा. बस्त्यावनं शिवलाय,
शिडं शिवायच्या सुईनं.
पितळी सूर जुनेच, घासून घेतलेत.

फक्त मधला कोमल धैवत
दाबल्यावर जरा उशिरा बोलतो.
बस्त्याव म्हणाला, करू सरळ?
नको म्हटलं.
तीस वर्षं भिवा चेंदवणकर
तिथं पाय रोखून थांबायचा,
आणि दशावतारातला राक्षस
नेमका त्या फटीतून
उडी घ्यायचा.

वाजवणारा तुमचा असेल
तर त्याला एवढं सांगा:
दुसऱ्यांदा दाबू नकोस.
येतो तो.