टोकं जिन्याकडे

झेनित्सात पोलाद कारखान्याची काजळी
बंद खिडकीतूनही आत येते,
मग बुटांना आणखी कोण आत घेणार?
चौथ्या मजल्यावर आमचं दार, दाराबाहेर फळी,
फळीवर जोडे.
पायधूळ झाडायला या म्हणायचं,
पण ती झाडायची बाहेर, पायपुसण्यावर.

पाहुणा आला की आई म्हणायची,
“नका हो काढू, राहू द्या, कुठे वाकताय!”
पाहुणा म्हणायचा, “छे छे, असं कसं!”
आणि वाकायचा.
दोनदा ती, दोनदा तो.
तिसरी वेळ येत नसे,
तोवर एक बूट निघालेला असायचा.

माझं काम त्यानंतरचं.
कॉफी आत गेली की मी बाहेर यायची
आणि एकेक जोड फिरवून ठेवायची,
टोकं जिन्याकडे,
निघताना कुणाला वळावं लागू नये म्हणून.
मान द्यायचा आणि वाट दाखवायची,
एकाच हाताने.

आठव्या वर्षी मला अख्ख्या इमारतीची गुपितं ठाऊक होती.
झुम्रामावशीच्या टाचेत खिळा वर आलेला,
तरी ती भाचीच्या लग्नात नाचली होती.
हेडमास्तर मुरादिफांच्या बुटात वर्तमानपत्राची घडी,
खेळाचं पान.
मीटरवाला साल्को एक अंगठा दुसऱ्या पायाखाली
दडवून बसायचा,
आई दुसरीकडेच बघत
पायाने सपाता त्याच्याकडे सरकवायची.

मग आदेमदादाने उल्रिकेला आणलं,
डॉर्टमुंडहून, मार्चच्या चिखलात.
आई म्हणाली, “नका काढू, राहू द्या.”
दादाने शब्दाला शब्द जर्मन करून सांगितलं.
उल्रिके हसली, “दांके” म्हणाली,
आणि राहू दिले.

गालिचा आईच्या लग्नातला.
आई हसत होती,
नजर मात्र त्या टाचांबरोबर चालली होती,
लाल फुलावरून निळ्या पक्ष्यावर.
बाबांनी घाईघाईने हवेचा विषय काढला.
मी सवयीने बाहेर गेले.
फळीवर फिरवण्यासारखं तिचं काही नव्हतं.
बाई कशी होती,
मला आजही सांगता यायचं नाही.

संध्याकाळच्या बसने ती गेली. दादाही गेला.
निळ्या पक्ष्यावर एक पाऊल उरलं,
नक्षीसकट सुकत.
आमच्याकडे माणूस लांबच्या वाटेला लागला
की मागे केर काढत नाहीत,
वाट पुसली जाते म्हणतात.
आई त्या पावलाला वळसा घालून
स्वयंपाकघरात जायची, यायची.
पाचव्या दिवशी झुम्रामावशी म्हणाली,
“अगं, आता तरी झाड!”
“बस पोचू दे,” आई म्हणाली.

बस कधीच पोचली होती.

बावीस वर्षांनी दादा आला, एकटा.
चार जिने चढून धापा टाकत दारात उभा,
पायात महागाचे बूट, लेसला दुहेरी गाठ.
आत पाहिलं, खाली पाहिलं,
आणि विचारलं,
“काढू का?”

घरचं माणूस असं विचारत नाही.
आईच्या तोंडात सवयीचंच आलं,
“नको रे, राहू...”
मग थांबली.
आतला नळ गळत होता, तेवढाच आवाज.
“काढ,” ती म्हणाली.
जन्मात पहिल्यांदा, दारातल्या कुणाला.

कॉफी आत गेली.
मी बाहेर आले, पन्नाशीला टेकलेली नसले
तरी गुडघे कुरकुरणारी,
वाकले.
डावा बूट बाहेरच्या कडेने झिजलेला,
शाळेत असताना झिजायचा तसाच.
हातात घेतला, परत ठेवला
होता तसा,
टोक घराकडे.
जाताना वळावं लागेल त्याला.
वळू दे.